भुसा दिसतो, धूळ दिसत नाही

गेल्या वर्षीची आषाढी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. वढू बुद्रुकच्या माझ्या दवाखान्यात एक जोडपे आले. गृहस्थ एकसष्ट वर्षांचे, सणसवाडीकडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मुळात हात सुतारकामात बसलेला, म्हणून निवृत्तीनंतर घराशेजारी पत्र्याचे शेड घालून त्यांनी पाट, चौरंग, देव्हारे, लहान कपाटे करायला सुरुवात केली होती. गणपतीच्या आधी दोन महिने तर त्यांना जेवायला फुरसत नसते. खोकल्यासाठी ते माझ्याकडे जवळपास आठ महिने येत होते. बेडके दोन वेळा तपासले, क्षयाचे जंतू नव्हते. छातीचा फोटो स्वच्छ होता. मी खोकल्याची बाटली दिली, ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या, बिडी सोडायला सांगितली. त्यांनी बिडी खरोखरच सोडली. खोकला मात्र सुटला नाही.

त्या दिवशी त्यांच्या पत्नी सहज म्हणाल्या, "डॉक्टर, वारीत ह्यांना एकदासुद्धा खोकला आला नाही बघा. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पावसात भिजले, उघड्यावर झोपले, पण काही नाही. घरी येऊन कामाला लागले आणि तिसऱ्या दिवशी परत सुरू."

वाचकहो, हे ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली. इटलीतील मोडेना येथे बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ छापला. त्यात त्याने वैद्यांना सांगितले की, रोग्याला जे प्रश्न विचारता त्यांत आणखी एक घाला : तुमचा धंदा कोणता? हा प्रश्न आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेला असतो. मीही तो पहिल्याच भेटीत विचारला होता. "रिटायर आहे" असे उत्तर आले, मी तेच लिहून घेतले आणि पुढे गेलो. निवृत्त माणूस दिवसभर काय करतो, हे विचारायचे मला आठ महिने सुचले नाही.

कामाच्या ठिकाणच्या धुळीने होणाऱ्या दम्याची ही मोठी खूण असते. सुट्टीत, गावाला गेल्यावर, यात्रेत त्रास कमी होतो आणि काम सुरू केले की दोन-तीन दिवसांत परत येतो. पीक फ्लो मीटर नावाची फुंकण्याची एक साधी नळी मिळते. त्यांच्याकडून ती दिवसातून चार वेळा फुंकवून तीन आठवडे आकडे लिहून घेतले. काम बंद असलेल्या दिवसांत आकडा ३८०च्या आसपास राही, कामाच्या दिवशी संध्याकाळी ३००च्या खाली जाई. निदान स्पष्ट झाले.

"मग काम सोडू का?" त्यांनी विचारले. पेन्शन तुटपुंजी आणि कामातून होणारी मिळकत घराला लागणारी. शिवाय, तो माणूस लाकडाला हात लावल्याशिवाय बसू शकत नाही. मी म्हणालो, आधी शेड पाहतो.

शेड पाहून मी चकित झालो. जमीन अगदी स्वच्छ! कोपऱ्यात दीड हॉर्सपॉवरचा धूळ ओढणारा पंखा, त्याला चार इंची नळी आणि वर फुगलेली कापडी पिशवी होती. खोकला सुरू झाल्यावर त्यांनी स्वतःच विचार करून, चांगले पैसे मोजून हे जुने यंत्र आणले होते. आणल्यापासून खोकला वाढला, असे त्यांच्या पत्नींचे म्हणणे होते. घरात त्यांचे हे म्हणणे कोणी मनावर घेतले नव्हते.

दुपारची वेळ होती. पत्र्याला खिळ्याचे एक भोक होते आणि त्यातून कवडसा पडला होता. त्यांनी करवत लावून एक फळी कापली आणि पंखा सुरू ठेवला. कवडशात पाहिले तर धूर निघावा तशी बारीक धूळ त्या पिशवीतूनच बाहेर येत होती. यंत्र जाड भुसा पोटात ठेवत होते आणि बारीक धूळ गाळून शेडभर पसरवत होते.

येथे थोडा हिशेब समजून घ्यावा लागेल. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. रंध्याच्या ढलप्या आणि करवतीचा जाड भुसा डोळ्यांना दिसतो, तो खाली पडतो आणि नाकात गेलाच तर शिंकेतून बाहेर येतो. तो त्रासदायक असला तरी खरा शत्रू नव्हे. १० मायक्रॉनच्या खालचे कण श्वासाबरोबर आत उतरतात आणि त्यातले अगदी बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. हे कण खाली बसतही नाहीत. अगदी स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण माणसाच्या उंचीवरून जमिनीवर यायला दहा मिनिटांच्या आसपास घेतो, तर १ मायक्रॉनचा कण बारा तासांहून अधिक. म्हणजे रात्री काम थांबवले तरी सकाळी शेडमध्ये शिरणारा माणूस कालचीच धूळ हुंगत असतो.

त्या पिशवीवर "३० मायक्रॉन" असे छापलेले होते. याचा अर्थ ३० मायक्रॉनपेक्षा मोठे कण ती अडवते. ज्यांच्यासाठी यंत्र आणायचे, ते कण तिच्यातून खुशाल निघून जातात.

किती धूळ चालते, असे कोणी विचारील. ब्रिटनमध्ये कारखान्यांसाठी कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा एका घनमीटर हवेत ३ मिलिग्रॅम अशी आहे. आपले सागवान आणि शिसव याच कठीण गटात मोडतात. आता दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली घ्या. त्यात सुमारे २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे सगळ्या खोलीत तरंगणारी धूळ फार तर ८५ मिलिग्रॅम. हृदयरोग्यांना आम्ही ॲस्पिरिनची लहान गोळी देतो, तिच्यात ७५ मिलिग्रॅम औषध असते. जवळपास तेवढ्याच पुडीने ती खोली मर्यादेला पोचते. घासायचे मशीन पाच मिनिटे चालवून पाहा, किती पूड उडते ते.

आमच्या आजोबांच्या वेळचे सुतार असे खोकत नव्हते, असे बरेच जण मला सांगतात. त्यांत तथ्य आहे. बलुतेदारीतला सुतार लिंबाच्या झाडाखाली बसून, हातातल्या वाकसाने आणि रंध्याने बाभळीचे औत घडवीत असे. हातरंध्याच्या ढलप्या जाड पडतात आणि झाडाखाली वारा असतो. आता विजेची करवत मिनिटाला हजारो फेरे घेते, काचपेपर लावलेले मशीन लाकडाचे पीठ करते आणि हे सगळे चारी बाजूंनी बंद पत्र्याच्या खोलीत चालते. कसब तेच राहिले असले तरी हवा बदलली आहे.

लाकडेही बदलली आहेत. सागवानाच्या व शिसवाच्या धुळीने काहींच्या हाताला, मानेला पुरळ उठते, खाज येते. कडुनिंबाची धूळ घसा धरते. प्लायवूड आणि एमडीएफ यांत फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो आणि एमडीएफची धूळ तर मैद्यासारखी असते. आपल्याकडे सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांतून माल भरून आलेल्या पेट्यांचे व पॅलेटचे पाईन लाकूड स्वस्तात मिळते आणि घरगुती कामाला बरेच लोक ते वापरतात. त्यावरचा शिक्का पाहून घ्यावा. "एचटी" म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेले आहे. "एमबी" असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरावलेले आहे. असे लाकूड घरात आणूच नये. पॅलेटमधले खिळे आधी उपटून काढावेत. खिळ्याचा तुकडा पंख्याच्या पात्यावर आपटला तर ठिणगी पडते आणि पुढे कोरड्या भुशाने भरलेली पिशवी असते.

आता मूळ प्रश्न. घरच्या लहान शेडसाठी, खिशाला परवडेल असे धूळ ओढण्याचे यंत्र कोणते घ्यावे?

बाजारात साधारण दोन जाती आहेत. एक म्हणजे कोरडे-ओले दोन्ही ओढणारा डबा-व्हॅक्यूम. तो काही हजारांत मिळतो. त्याची ओढ जोरदार असते, पण हवा थोडी. दुसरा मोठा पंखा आणि पिशवीवाला. त्याची ओढ सौम्य, पण हवा पुष्कळ. नवा घेतला तर वीस-पंचवीस हजारांच्या पुढे जातो. दुकानदार दोन्हींचा हॉर्सपॉवर सांगतो. हॉर्सपॉवरवरून विजेचे बिल कळते, फुप्फुसात काय जाईल ते कळत नाही.

नळीवरून विचार करावा. भुसा नळीत न साचता वाहायचा तर नळीतल्या हवेला मिनिटाला सुमारे ४,००० फूट वेग लागतो. चार इंची नळीत हा वेग ठेवायला मिनिटाला जवळपास ३५० घनफूट हवा ओढावी लागते आणि दोन इंची नळीत नव्वदहून कमी पुरते. यातून कोणत्या हत्याराला काय, ते आपोआप ठरते. हातात धरायचे घासण्याचे मशीन, राऊटर, हातातली गोल करवत यांना धूळ निघण्याचे एकच तोंड असते. त्यांना डबा-व्हॅक्यूम आणि दोन इंची नळी चांगली. टेबलावरची करवत आणि रंधा मशीन भुशाचा ढीग फेकतात. त्यांना चार इंची नळी आणि पंखाच लागतो. व्हॅक्यूमला रंधा मशीन जोडले तर पाच मिनिटांत नळी तुंबते.

यंत्रावर छापलेला हवेचा आकडा नळी न लावता, कोऱ्या पिशवीवर मोजलेला असतो. वळणावळणाची लांब नळी लावली की तो निम्म्यावर येणेही नवलाचे नाही. म्हणून नळी आखूड ठेवावी, वळणे कमी ठेवावीत आणि तिचे तोंड हत्याराच्या पात्याला जितके चिकटवता येईल तितके चिकटवावे. धूळ एकदा हवेत उडाली की तिच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

यापुढची गोष्ट परदेशी माहितीपत्रकांत ठळकपणे सापडत नाही, कारण ती थंड मुलखांत लिहिलेली असतात. तिकडे हिवाळ्यात खोली तापवलेली असते. ओढलेली हवा बाहेर टाकली तर खोलीची ऊबही बाहेर जाते. म्हणून तिथे हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडतात आणि त्यासाठी महागडे, १ मायक्रॉनपर्यंत अडवणारे फिल्टर घेतात. आपल्या शिरूर-दौंड भागात कोणाला शेड तापवायची आहे? आपल्याला ती धूळ घरातून घालवायची आहे, बस्स.

मी त्या गृहस्थांना एवढेच सांगितले की, हे यंत्र उचलून भिंतीबाहेर ठेवा. त्यांनी विटांच्या भिंतीला भोक पाडून नळी बाहेर काढली आणि पंखा-पिशवी शेडच्या मागे परसात नेली. वर पावसासाठी पत्र्याचे छप्पर केले. पिशवी भिजली की तुंबते. वायरमन बोलावून अर्थिंग नीट करून घेतले आणि झटका लागताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवला. खर्च नव्या फिल्टरच्या मानाने अगदी किरकोळ आला. समोरचा दरवाजा काम करताना उघडा ठेवायचा, कारण हवा आत आल्याशिवाय बाहेर कशी जाणार? पंखा काम संपल्यावरही दहा मिनिटे चालू ठेवायचा.

बाहेर टाकताना शेजाऱ्याची चूल, पाण्याचा हौद आणि आपल्याच घराची खिडकी कोणत्या बाजूला आहे, ते पाहावे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा पूर्वेला घर असेल तर ती बाजू चुकीची. आणि ज्यांचे घर गावठाणात भिंतीला भिंत लागून आहे, त्यांना हा उपाय नाही. त्यांनी पिशवी बदलावी. जाड फेल्टची, ५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक अडवणारी आणि आकाराने मोठी पिशवी घ्यावी. कापड बारीक असून लहान असेल तर हवा कोंडते, पंखा नुसताच आवाज करतो. नवे यंत्र घेणाऱ्यानेही दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा की, पिशवी किती मायक्रॉनची आहे? उत्तर देता येत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

डबा-व्हॅक्यूमचा फिल्टर भुशाने लवकर भरतो आणि मग ओढ मरते. त्यावर उपाय म्हणजे मध्ये एक भोवरा-झाकण लावायचे. शंकूच्या आकाराचे हे प्लास्टिकचे झाकण रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादलीवर बसते. हवा त्यात गरगर फिरते, जड भुसा बादलीत पडतो आणि फिल्टरपर्यंत थोडीच धूळ पोचते. व्हॅक्यूममध्ये कागदी घड्यांचा हेपा फिल्टर मिळत असेल तर तोच घ्यावा. मात्र तो शेडमध्ये आपटून झाडू नये. आठवडाभर पकडलेले सगळे एका मिनिटात परत हवेत जाते.

झाडण्यावरून आठवले. त्या घरी रोज संध्याकाळी सून शेड झाडत असे, दीड वर्षाचा नातू कडेवर असे. झाडूच्या फटकाऱ्याने बसलेली बारीक धूळ पुन्हा उठते आणि ती नेमकी त्या उंचीवर असते. आता आधी पाणी शिंपडतात किंवा व्हॅक्यूम फिरवतात आणि पोर त्या वेळी ओट्यावर असते. कंप्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकण्याची सवयही बऱ्याच कारागिरांना असते, ती सोडावी.

गमछा किंवा रुमाल नाकाला बांधून काम होत नाही. त्याने ढलपी अडते, धूळ नाही. करोनाच्या साथीत, २०२०पासून, एन-९५ मास्क प्रत्येकाच्या ओळखीचा झाला आहे. तोच हवा. गालाला घट्ट बसला पाहिजे, दाढीवर तो नीट बसत नाही. यंत्र कितीही चांगले असले तरी घासताना आणि पिशवी रिकामी करताना मास्क लावावाच. ज्यांना यंत्र घेणे आज शक्य नाही, त्यांनी मास्क घ्यावा आणि घासण्याचे काम शेडबाहेर, वाऱ्याकडे पाठ न करता तो बाजूने येईल असे उभे राहून करावे. पाठीमागून वारा आला तर धूळ पोटापुढे भोवरा घेऊन तोंडाशीच येते.

गोळा झालेल्या भुशाबद्दलही दोन शब्द. साध्या लाकडाचा भुसा भुशाच्या शेगडीत चालतो. प्लायवूड, एमडीएफ किंवा वाळवीचे औषध लावलेल्या लाकडाचा भुसा चुलीत घालू नये आणि गोठ्यात जनावरांखाली पसरू नये. बिडी ओढत पिशवी रिकामी करणारे मी पाहिले आहेत. त्यांना सांगायचे तरी काय!

आपल्या शेडची परीक्षा घरच्या घरी करता येते. रात्री दिवे घालवा, मशीन आणि पंखा चालू करून एक फळी कापा आणि मशीन बंद करा. एकाने पलीकडे उभे राहून बॅटरीचा झोत आपल्या दिशेने धरावा. दिवा डोळ्यांत येणार नाही असा हात आडवा धरून झोताकडे पाहा. धूर दिसला तर यंत्र कुठून गळते तेही दिसेल. आम्ही त्यांच्या शेडमध्ये यंत्र हलवण्याआधी आणि नंतर असे पाहिले. आधी झोत पांढरा दिसत होता, नंतर नुसते तुरळक ठिपके.

त्या गृहस्थांचा खोकला पूर्ण गेला, असे मी म्हणणार नाही. संध्याकाळचा आकडा आता ३५०च्या वर राहतो, पंप मात्र रोज घ्यावा लागतो. सागवान कापले की छाती अजूनही आवळते, म्हणून सागवानाची कामे ते दुसऱ्याकडे देतात. शरीराने एखाद्या लाकडाशी एकदा वैर धरले की अगदी थोडी धूळही पुरते, तिथे कोणतेही यंत्र उपयोगी पडत नाही. आठ महिने आधी विचारले असते तर कदाचित इथवर आले नसते.

आणखी एक गोष्ट, क्वचित होणारी पण सांगितलीच पाहिजे अशी. इंग्लंडमधील हाय विकम हे खुर्च्या बनवणारे गाव. तिथल्या कान-नाक-घशाच्या तज्ज्ञ एस्मी हॅडफील्ड यांच्या लक्षात आले की, नाकाच्या आतल्या पोकळीचा एक दुर्मिळ कर्करोग फर्निचर कारागिरांतच वारंवार दिसतो. १९६०च्या दशकात त्यावर निबंध प्रसिद्ध झाले आणि १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. हा रोग बहुधा कित्येक वर्षे धूळ घेतल्यावर होतो. तेव्हा हौसेने चार पाट करणाऱ्याने घाबरून जाऊ नये. पण वर्षानुवर्षे लाकूडकाम करणाऱ्याची एकच नाकपुडी सतत चोंदत असेल, तिच्यातून रक्तमिश्रित पाणी येत असेल, तर सर्दी समजून थांबू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी सरकारी आरोग्य केंद्रात बेडक्याची तपासणी करून घ्यावी, ती मोफत असते. ती निर्दोष निघाली आणि खोकला टिकला, तर डॉक्टरांकडे येताना एका चिठ्ठीवर लिहून आणावे : कोणते लाकूड कापता, प्लायवूड किंवा एमडीएफ वापरता का, दिवसाला किती तास, आणि गावाला गेल्यावर खोकला थांबतो की नाही. डॉक्टरांनी विचारले नाही तरी ती चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवावी.